तेरा सालच्या पिकअपचे इंजिन करावे की गाडीच बदलावी?

तुमच्या गाडीची माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे हे उत्तर कोणत्या परिस्थितीला धरून आहे ते स्पष्ट राहील. २०१३ सालची महिंद्रा बोलेरो पिकअप, बीएस-३ (धुराच्या जुन्या निकषाची), मेकॅनिकल डिझेल पंपाची, ३ लाख ४० हजार किलोमीटर चाललेली. राहणे ओतूरच्या बाजूला. महिन्याला दहा-बारा खेपा माळशेज घाटातून वाशीच्या बाजार समितीला आणि उरलेल्या दिवशी नारायणगावच्या बाजारात टोमॅटो. हजार किलोमीटरला सुमारे एक लिटर ऑइल लागते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि परतीला रिकामी गाडीसुद्धा माळशेज दुसऱ्या गिअरवर चढते. गावातल्या मेकॅनिकने पूर्ण इंजिन कामाचे ८५ हजार सांगितले आहेत, कुर्ल्याच्या बाजारातले जुने इंजिन बसवून ५५ हजारांत मिळते आहे, कंपनीचे नवे इंजिन दोन लाखांच्या पुढे जाते आणि एक व्यापारी गाडी आहे त्या अवस्थेत १ लाख ६० हजारांना मागतो आहे. तुमच्या भागात अशीच पण चालू स्थितीतली गाडी अडीच लाखांच्या आसपास जाते. नवी पिकअप घ्यायची तर साडेसात लाखांचे कर्ज काढावे लागेल. यातले काय करावे, हा तुमचा प्रश्न.

मी संगमनेरजवळ गेली सव्वीस वर्षे डिझेल गाड्यांचे काम करतो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून अधिक गाड्या तुमच्यासारख्याच, म्हणजे भाजीपाला, कांदा, दूध आणि वीट-वाळू वाहणाऱ्या असतात. हा प्रश्न घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक मालक बॉनेट उघडून दाखवतो. मी मात्र आधी गाडीखाली जातो, कारण डिझेल इंजिन पुन्हा उभे करता येते, त्याचा प्रत्येक भाग बाजारात मिळतो आणि चांगला लेथवाला असला तर तेच इंजिन आणखी दोन-अडीच लाख किलोमीटर चालते. कुजलेली चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, मात्र पुन्हा उभी राहत नाही. म्हणून तुमचा खरा प्रश्न इंजिन किती खराब झाले आहे हा नाही. तयार केलेले इंजिन जेवढे चालेल तेवढे आयुष्य या गाडीच्या अंगात उरले आहे का, हा खरा प्रश्न आहे.

टोमॅटो वाहणाऱ्या गाडीत याकडे जास्तच लक्ष द्यावे लागते. क्रेटमधले फुटलेले टोमॅटो हौद्यात ठिबकतात, ते आंबट पाणी फळीच्या सांध्यांतून खाली उतरते आणि नेमके मागच्या पाट्यांच्या (लोखंडी स्प्रिंगांच्या) हँगरवर, म्हणजे पाटे चासीला जोडणाऱ्या भागावर, चासीच्या वरच्या पट्टीवर आणि आडव्या मेंबरवर साचते. त्यावर रस्त्याची माती बसते, माती ओल धरून ठेवते आणि लोखंड आतून पापुद्रे सोडू लागते. वरून रंग शाबूत दिसतो. गाडी प्रेशरने खालून स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, एक छोटी हातोडी घेऊन खाली जा. पुढच्या हँगरपासून मागपर्यंत चासीवर हलकेच टकटक करत जा. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो. जिथे आवाज बसका येईल आणि गंजाचे कपटे तोंडावर पडतील तिथे थांबून पेचकसाचे टोक दाबून पाहा. मागच्या पाट्याचा हँगर जिथे चासीला रिबिट केलेला असतो, त्या रिबिटांभोवती केसाएवढी तड दिसते का ते बॅटरीच्या उजेडात निरखून पाहा. यापूर्वी कोणी वेल्डिंग करून पट्टी मारली असेल तर त्या पट्टीच्या दोन्ही टोकांना विशेष पाहा, कारण नवी तड बहुधा तिथूनच सुरू होते.

हे मी अनुभवाने शिकलो आणि तो अनुभव एका गिऱ्हाइकाला महागात पडला. काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याची पिकअप माझ्याकडे पूर्ण इंजिन कामाला आली. काम मनापासून केले, इंजिन उत्तम झाले, गाडी चंदनापुरीचा घाट तिसऱ्यावर चढू लागली. पाच महिन्यांनी ती गाडी पुन्हा आली, टोचन करून आणलेली. भरल्या मालासकट खड्ड्यात आदळून उजव्या बाजूची चासी हँगरपाशी फाटली होती. इंजिन आजही मला त्याच्या आवाजानिशी आठवते, इतके ते सुरेख झाले होते. पण गाडी भंगारात गेली आणि त्या माणसाचे हंगामाचे पैसे गेले. काम हातात घेण्याआधी मी अर्धा तास गाडीखाली घालवला असता तर ते टळले असते. तेव्हापासून चासी पाहिल्याशिवाय मी इंजिनाचा अंदाजपत्रकी आकडासुद्धा सांगत नाही.

चासीबरोबर केबिनचा फ्लोअर, समोरच्या काचेखालचा पत्रा, स्टिअरिंग बॉक्स चासीला जिथे बोल्ट केलेला असतो ती जागा, गिअर बॉक्सचा आवाज आणि क्राऊनचा (मागच्या अॅक्सलमधल्या दातेरी चाकांचा) आवाज एवढे पाहून घ्या. यांपैकी क्राऊन किंवा गिअर बॉक्स खराब असेल तर तो खर्चाचा भाग आहे, नकाराचे कारण नाही. चासी दोन ठिकाणी सडलेली असेल तर मात्र माझ्या मते पुढचे काही वाचण्याची गरज नाही: इंजिनावर एक रुपयाही न घालता गाडी विकावी.

आता चासी चांगली निघाली असे धरून पुढे जातो.

तुम्ही दोन तक्रारी एका दमात लिहिल्या आहेत, निळसर धूर आणि ओढ नसणे. त्या दोन्ही एकाच आजाराच्या असतील असे नाही. निळा धूर आणि ऑइल खाणे हे रिंगा (पिस्टनभोवतीची कडी), लाइनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) किंवा वॉल्व्हच्या गाइड आणि सील यांचे लक्षण आहे. पण हजाराला एक लिटर ऑइल खाणारे इंजिन एवढ्यानेच रिकामी गाडी दुसऱ्यावर आणण्याइतके कमजोर होत नाही. रिकाम्या गाडीला ओढ नसणे हे पंपाचे कॅलिब्रेशन बिघडल्याने, नोझल (डिझेल फवारणारा भाग) ठिबकत असल्याने, डिझेल फिल्टर किंवा एअर क्लीनर चोक झाल्याने, टर्बोचा होज फाटल्याने, ब्रेक धरत राहिल्याने किंवा क्लच घसरत असल्यानेही होते. घाटात इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, असे असेल तर आधी क्लच पाहा. काही हजारांत सुटणाऱ्या या गोष्टी तपासल्याशिवाय ८५ हजारांचे काम सुरू करू नये. अशा दोन गाड्या मी पंप आणि नोझल करून परत पाठवल्या आहेत. त्या थोडे ऑइल खात पुढेही दीड-दोन वर्षे चालल्या.

इंजिनाची खरी अवस्था कळण्यासाठी ऑइल भरायचे झाकण काढून ‘बॅक कॉम्प्रेशन मारते’ (म्हणजे रिंगांतून खाली उतरलेली हवा झाकणातून बाहेर येते) एवढे म्हणणे पुरेसे नाही. झाकणातून थोडी वाफ जुन्या डिझेल इंजिनात येतेच. दोन तपासण्या आग्रहाने करून घ्या. पहिली, चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेज लावून मोजणे, इंजिन गरम असताना आणि बॅटरी पूर्ण चार्ज असताना. आकडा कंपनीच्या मर्यादेत आहे का ते पाहायचेच, पण त्याहून चार सिलिंडरमधला आपसातला फरक अधिक बोलका असतो. चौघांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये काही विशेष बिघडले आहे. चौघेही सारखेच कमी असतील तर ती सरसकट झीज आहे.

दुसरी तपासणी मला अधिक आवडते. नोझलच्या जागी अडॅप्टर लावून, पिस्टन वरच्या टोकाला आणून, गाडी गिअरमध्ये अडकवून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि कान द्यायचा. ऑइलच्या झाकणातून फुस्स असा आवाज आला तर हवा रिंगांतून उतरते आहे. सायलेन्सरच्या तोंडाशी आवाज आला तर एक्झॉस्ट वॉल्व्ह बसत नाही. एअर क्लीनरच्या होजमधून आला तर इनटेक वॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर हेड गॅसकेट गेले किंवा हेडला तडा आहे. पंधरा-वीस मिनिटांच्या या तपासणीने काम हेडपुरते आहे की खालपर्यंत जायचे आहे ते कळते, आणि या दोन कामांच्या खर्चात निम्म्याहून अधिक फरक असतो.

याशिवाय ऑइलचे प्रेशर साध्या काट्याच्या गेजने मोजून घ्या. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका, कारण तो बहुधा प्रेशर फारच खाली गेल्यावर लागतो. गरम इंजिन आयडलवर असताना प्रेशर घसरत असेल तर मेन आणि बिग एंड बेअरिंगे, क्रँक किंवा ऑइल पंप यांच्यात झीज आहे. मग काम पुढे ढकलता येत नाही.

यानंतरचा मुद्दा मालक क्वचितच विचारतात आणि मेकॅनिकही क्वचितच सांगतात: हे इंजिन मेले कशाने? साडेतीन लाख किलोमीटर ही नैसर्गिक झीज असू शकते, हे मान्य. पण तुम्ही लिहिले आहे की ऑइल खाणे गेल्या वर्षभरात एकदम वाढले. असे अचानक होते तेव्हा मी एअर क्लीनरनंतरचा रबरी होज काढून त्याच्या आत बोट फिरवतो. आतला भाग कोरडा किंवा थोडासा तेलकट असायला हवा. बोटाला तपकिरी, खरखरीत चिखल लागला तर फिल्टरला वळसा घालून धूळ आत जात आहे, हे निश्चित. कारण किरकोळ असते: होजच्या घडीत चीर, ढिला क्लॅम्प, एअर क्लीनरच्या डब्याचे बसलेले रबर किंवा बाजारातला स्वस्त फिल्टर. शेतातल्या कच्च्या रस्त्यावर माल भरायला जाणाऱ्या गाडीत अशी चीर लाइनर आणि रिंगा काही महिन्यांत घासून काढते. ती चीर तशीच ठेवून तुम्ही नवे इंजिन बसवलेत तर पुढच्या हंगामाला तेही ऑइल खाऊ लागेल.

दुसरे कारण म्हणजे तापणे. रेडिएटर अर्धा चोक, पाण्याचा पंप कमजोर, आणि कोणीतरी ‘गाडी गरम होते’ म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकलेला. हा आपल्याकडचा फार जुना आणि फार चुकीचा उपाय आहे. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन सपाटीवर आणि पहाटेच्या थंडीत कधीच पुरेसे तापत नाही, डिझेल नीट जळत नाही, कार्बन धरतो, न जळलेले डिझेल लाइनरवरून ऑइलमध्ये उतरते आणि झीज वाढते. तुमच्या गाडीत थर्मोस्टॅट आहे की नाही ते आधी पाहा. नसेल तर इंजिनाच्या आजाराचे एक कारण सापडलेच.

इथपर्यंतच्या तपासणीत असे ठरले की चासी चांगली आहे, रिंगा-लाइनर गेले आहेत आणि कारणही सापडले आहे, तर मग तुमच्यापुढचे पर्याय तोलता येतात.

कुर्ल्याचे इंजिन ५५ हजारांत, हा आकडा मोहात पाडणारा आहे. पण त्या इंजिनाच्या आत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. ते अपघातातल्या गाडीचे चांगले इंजिन असू शकते, तसेच तुमच्याएवढेच चाललेले, वरून धुऊन रंगवलेलेही असू शकते. बसवण्यापूर्वी चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उघडून बेअरिंगे पाहू देत असेल, निदान स्टँडवर चालवून कॉम्प्रेशन आणि ऑइल प्रेशर दाखवत असेल, तरच विचार करावा. त्याहून मोठी अडचण कागदांची आहे. तुमच्या आरसीवर चासी नंबराबरोबर इंजिन नंबरही असतो. दुसरे इंजिन बसवले की आरटीओकडे अर्ज करून तो बदल नोंदवून घ्यावा लागतो. त्यासाठी इंजिन कुठून आले त्याचे पक्के बिल आणि ज्या गाडीतून काढले तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद लागतो, गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्यांची संमती लागते आणि विमा कंपनीलाही कळवावे लागते. कागद नसलेले इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले तर गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहते. नोंद न करता गाडी चालवली तर पासिंगच्या वेळी नंबर जुळत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला दावा अडवायला आयते कारण मिळते. तुमची गाडी आठ वर्षांच्या पुढची असल्याने पासिंग दरवर्षी आहे, म्हणजे हा प्रश्न टाळून टळणार नाही.

कंपनीचे नवे इंजिन या वयाच्या गाडीला मी सुचवत नाही. दोन लाखांचे इंजिन अडीच लाखांच्या गाडीत घातले तरी गाडीची किंमत साडेचार लाख होत नाही. ब्लॉकलाच तडा गेला असेल, कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फुटला असेल, आणि गाडी बाकी सर्व बाजूंनी उत्तम असेल, तेवढ्याच वेळी ते पटते.

राहिले स्वतःच्याच इंजिनाचे पूर्ण काम, आणि माझा कल त्याकडे आहे. ब्लॉक तोच राहतो, म्हणून इंजिन नंबर तोच राहतो आणि आरटीओचा विषयच येत नाही. शिवाय काय घातले ते तुम्हाला ठाऊक असते. फक्त ८५ हजारांत काय काय येते ते लिहून घ्या. लाइनर-पिस्टन-रिंगांचा पूर्ण संच, मेन आणि बिग एंड बेअरिंगे, क्रँक मोजून गरज असेल तर ग्राइंडिंग, कनेक्टिंग रॉडचा बाक तपासणे, ऑइल पंप, हेडची प्रेशर टेस्ट आणि फेसिंग, वॉल्व्ह, गाइड, सीट, टायमिंगचे सामान, संपूर्ण गॅसकेट संच आणि सगळी ऑइल सील यांत असायला हवीत. क्रँक आधी एकदा वीस थाऊपर्यंत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ग्राइंड झालेली असेल तर पुन्हा ग्राइंड करता येईल का, की दुसरीच घ्यावी लागेल, हे लेथवाल्याने मायक्रोमीटर लावून सांगितल्यावरच खर्चाचा आकडा पक्का धरा. काढलेले जुने सामान समोर ठेवायला सांगा आणि जाऊन पाहा. चांगल्या मेकॅनिकला त्याचा राग येत नाही.

कोणी ‘फक्त रिंगा टाकून देतो, पंचवीस हजारांत होईल’ असे म्हणाले तर नकार द्या. झिजलेला लाइनर वरच्या बाजूला अंडाकृती झालेला असतो. गोल रिंग त्यात नीट बसत नाही, दोन-तीन महिने धूर कमी दिसतो आणि पुन्हा तेच सुरू होते. ही मलमपट्टी गाडी विकण्यापूर्वी केली जाते, वापरण्यासाठी नव्हे.

इंजिन खाली उतरलेच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचे मागचे सील, इंजिन माउंटिंग, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, सगळे होज आणि रेडिएटरची सफाई त्याच वेळी उरका. पंप आणि नोझल कॅलिब्रेशनला पाठवा. यांना मिळून तुमच्या गाडीत आणखी तीसेक हजार धरा. ही कामे मागे ठेवली तर सहा महिन्यांनी गिअर बॉक्स पुन्हा उतरवावा लागतो आणि मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. म्हणजे खरा आकडा ८५ हजारांचा नाही, सुमारे १ लाख १५ हजारांचा आहे. त्यात आठ-दहा दिवस गाडी उभी राहते. त्या दिवसांचे बुडालेले भाडे तुम्हीच धरून घ्या.

आता हिशेब पाहा. आज गाडी १ लाख ६० हजारांना जाते, चालू स्थितीत अडीच लाखांना. फरक नव्वद हजारांचा. १ लाख १५ हजार घालून लगेच विकली तर पंचवीस हजार अंगावर येतात. त्यामुळे विकण्यासाठी इंजिन करणे हा तोट्याचा व्यवहार आहे. इंजिन करायचे ते स्वतः चालवण्यासाठीच. तुम्ही किमान तीन वर्षे ती चालवणार असाल तर १ लाख १५ हजार भागिले छत्तीस, म्हणजे महिन्याला सुमारे ३,२०० रुपये पडतात. साडेसात लाखांचे कर्ज साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १६,१०० रुपयांचा बसतो, आणि नव्या गाडीचा विमाही जास्त असतो. दोन्हींतला तेरा हजारांचा फरक दर महिन्याला भरून काढण्याइतके जादा भाडे नवी गाडी मिळवून देईल का, हे तुम्हीच सांगू शकता. वर्षभर बांधीव भाडे असेल, एखाद्या कंपनीचा किंवा डेअरीचा करार मिळणार असेल आणि तिथे जुनी गाडी चालत नसेल, तर नवी गाडी घेणे योग्य ठरते. टोमॅटोचा भाव पडला की खेपा निम्म्यावर येत असतील, तर मंदीच्या महिन्यांतला हप्ता माणसाला झोपू देत नाही. असे मालक मी जवळून पाहिले आहेत. कुटुंबाच्या पोटापाण्याचा निर्णय असल्याने ही बाजू मी तांत्रिक बाजूइतकीच महत्त्वाची मानतो.

जुन्या गाडीच्या बाजूला काही खर्च टिकून राहतात, तेही मोजा. दरवर्षीचे पासिंग, आठ वर्षांपुढच्या वाहतुकीच्या गाड्यांना महाराष्ट्रात लागणारा पर्यावरण कर, पाटे, टायर आणि किरकोळ कामे. गाडी पंधरा वर्षांची झाल्यावर फिटनेसचे शुल्कही बरेच वाढते. तुमची गाडी २०२८ मध्ये पंधरा पूर्ण करील. तोपर्यंतचाच हिशेब धरावा आणि त्यापुढचे वर्ष मिळाले तर ते वरकड मानावे, असे मी सांगेन. एक गैरसमज मात्र दूर करतो: १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील गाड्यांची नोंदणी रद्द करण्याचा नियम सरकारी गाड्यांना लागू झाला आहे. आपल्याकडे तुमच्या-माझ्या मालकीची मालवाहू गाडी केवळ पंधरा वर्षे झाली म्हणून भंगारात काढावी लागत नाही, पासिंग मिळत राहिले पाहिजे. पुढे कधी मोडीत काढायचीच झाली तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या. तिथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या वाहतुकीच्या गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे, आणि जुन्या गाडीची नोंदणीही रीतसर रद्द होते.

वेळेबद्दलही सांगतो, कारण तुम्ही ‘हंगाम तोंडावर आहे’ असे लिहिले आहे. ऑइल प्रेशर चांगले असेल, पाणी कमी होत नसेल आणि खालून ठोका ऐकू येत नसेल, तर हजाराला एक लिटर ऑइल खाणारे इंजिन एक हंगाम काढू शकते. तुमच्या महिन्याच्या चार हजार किलोमीटरला चार लिटर ऑइल लागेल. तो खर्च, हंगामाच्या मध्यात दहा दिवस गाडी उभी ठेवण्यापेक्षा कमी आहे. अट एकच, रोज पहाटे निघण्यापूर्वी सपाट जागी डिपस्टिक पाहायची आणि वरच्या खुणेच्या वर ऑइल कधीही भरायचे नाही. फार बॅक कॉम्प्रेशन असलेल्या इंजिनात जादा ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) इनटेकमध्ये ओढले जाते, इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळू लागते आणि किल्ली बंद केली तरी थांबत नाही. असे कधी झालेच तर घाबरून खाली उतरू नका: ब्रेक घट्ट दाबून, सर्वांत वरचा गिअर टाकून क्लच सोडा, म्हणजे इंजिन दाबून बंद पडेल. झाकणातून धूर भसाभसा येत असेल तर मात्र हंगामाची वाट पाहू नये.

तेव्हा तुमच्या जागी मी असतो तर या आठवड्यात गाडी धुऊन चासी तपासली असती, एअर क्लीनरचा होज आणि क्लच पाहिला असता, कॉम्प्रेशन आणि हवेची तपासणी करून घेतली असती. चासी स्वच्छ निघाली तर हंगाम सांभाळून काढून नंतर त्याच इंजिनाचे पूर्ण काम केले असते. चासी सडलेली निघाली तर व्यापाऱ्याला गाडी द्यायची आणि नव्याऐवजी चार-पाच वर्षांची, कागद स्वच्छ असलेली बीएस-६ पिकअप शोधायची. तिचे कर्ज निम्म्यावर येते. घेताना तिच्या धुराच्या यंत्रणेचे दिवे लागलेले नाहीत ना आणि सर्व्हिसची नोंद आहे ना हे पाहा, कारण त्या गाड्यांत सेन्सर आणि फिल्टरची दुरुस्ती महाग पडते.

इंजिन केलेत तर पहिल्या हजार किलोमीटरसाठी वाशीची खेप घेऊ नका. नारायणगावच्या जवळच्या खेपा, निम्मा माल, वेग बदलता ठेवायचा, तासन् तास आयडलवर उभी ठेवायची नाही आणि घाटात वरच्या गिअरवर रेटायची नाही. पाचशे किलोमीटरला हेडचे बोल्ट आणि वॉल्व्हची फट पुन्हा पाहून घ्या. गॅसकेट पुन्हा कसावे लागणाऱ्या प्रकारचे आहे का ते मेकॅनिकला विचारा. हजार किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला. ते काढलेले ऑइल पांढऱ्या डब्यात धरून उन्हात पाहा. नव्या रिंगा बसताना बारीक चकाकी दिसते, ती चालते. दोन बोटांत चोळून कण टोचले किंवा तांबूस पत्र्यासारखे तुकडे दिसले तर गाडी पुढे न नेता त्याच दिवशी मेकॅनिकला चेंबर उघडायला लावा.